दूरचित्रवाणी मालिकांतील सांगीतिक भाग : स्वरूप आणि यशाची कारणमीमांसा

गोषवारा :

एरवी गद्य संवादांवर चालणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रे एखाद्याच भागात अचानक गाऊ लागतात, तेव्हा त्या भागास ‘सांगीतिक भाग’ असे म्हणता येईल. प्रस्तुत लेखात इंग्रजी भाषेतील, प्रामुख्याने अमेरिकन मालिकांमधील निवडक सांगीतिक भागांचे विवेचन केले आहे. गाण्यास कथेत दिलेले कारण, गाण्यातून उघड होणारे सत्य, त्या सत्याचे पुढील भागांवर होणारे परिणाम, अभिनेत्यांचा स्वतःचा आवाज आणि संगीतशैलीची निवड या पाच घटकांवर अशा भागाचे यश अवलंबून असते, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : दूरचित्रवाणी मालिका, सांगीतिक भाग, संगीत नाटक, नाट्यसंकेत, स्वगत, पार्श्वगायन.

१. प्रस्तावना :

दूरचित्रवाणी मालिका हा दीर्घकाळ चालणारा कथाप्रकार आहे. कादंबरी वाचून संपते, नाटकाचा पडदा काही तासांत पडतो. मालिका मात्र त्याच पात्रांना घेऊन वर्षानुवर्षे प्रेक्षकांच्या घरात येत राहते. या सहवासातून प्रत्येक मालिकेचे काही अलिखित नियम तयार होतात. इस्पितळावरील मालिकेत डॉक्टर कसे बोलतील, पोलिसांवरील मालिकेत चौकशी कशी होईल, विनोद कोणत्या मर्यादेपर्यंत जाईल, हे प्रेक्षकास ठाऊक असते. या नियमांपैकी सर्वांत मूलभूत नियम असा की, पात्रे बोलतात, गात नाहीत.

सांगीतिक भाग हा नियम एका भागापुरता मोडतो. ज्या डॉक्टरांना प्रेक्षकाने शेकडो वेळा बोलताना पाहिले, ते एके दिवशी रुग्णाच्या खाटेभोवती गाऊ व नाचू लागतात. वरवर पाहता ही केवळ गंमत वाटते. वाहिनीला प्रेक्षकसंख्या वाढवायची आहे, कलावंतांना वेगळे काही करून पाहायचे आहे, एवढेच त्यामागील कारण असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. अनेक भागांच्या बाबतीत तो खराही आहे. परंतु काही सांगीतिक भाग हे त्या त्या मालिकेच्या कथानकातील निर्णायक वळण ठरले आहेत. गंमत म्हणून सुरू झालेला प्रयोग मालिकेच्या गाभ्यापर्यंत कसा पोहोचतो, हा प्रश्न त्यामुळे अभ्यासण्याजोगा ठरतो.

२. लेखाची उद्दिष्टे :

१) सांगीतिक भाग ही संकल्पना स्पष्ट करणे.
२) सांगीतिक भागाची पूर्वपीठिका थोडक्यात मांडणे.
३) निवडक भागांच्या आधारे त्यांच्या यशाची व अपयशाची कारणे शोधणे.
४) संगीत नाटकाच्या मराठी परंपरेशी या प्रकाराचे साम्य व भेद नोंदविणे.

३. संकल्पनेचे स्पष्टीकरण :

गाणे असलेला प्रत्येक भाग हा सांगीतिक भाग नव्हे. येथे तीन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला प्रकार मुळातच संगीतप्रधान असलेल्या मालिकांचा. ‘ग्ली’ (२००९–२०१५) किंवा ‘क्रेझी एक्स-गर्लफ्रेंड’ (२०१५–२०१९) या मालिकांत गाणी नियमितपणे येतात. तेथे गाणे हाच नियम असतो. दुसऱ्या प्रकारात एखादे पात्र समारंभात, रंगमंचावर किंवा मद्यगृहात गाते. असे गायन कथेतील घटना असते. इतर पात्रांनाही ते गायन म्हणूनच ऐकू येते. तिसरा प्रकार म्हणजे सांगीतिक भाग. त्यात गद्य मालिकेतील पात्रे आपले नेहमीचे व्यवहार करीत असतानाच संवादाऐवजी गाण्यातून व्यक्त होतात आणि भाग संपताच मालिका पुन्हा गद्याकडे वळते.

या तिसऱ्या प्रकाराचेही दोन पोटभेद पडतात. काही भागांसाठी सर्व गाणी नव्याने रचली जातात, तर काहींमध्ये पूर्वीचीच लोकप्रिय गाणी पात्रांच्या तोंडी घातली जातात. हा भेद तांत्रिक वाटला तरी त्याचे परिणाम दूरगामी आहेत. त्यांचा विचार पुढे केला आहे.

४. संगीत नाटक आणि सांगीतिक भाग :

मराठी अभ्यासकास या ठिकाणी संगीत नाटकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला आणि १८८२ मध्ये ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आले. तेव्हापासून पात्राने बोलता बोलता पद म्हणावे हा संकेत मराठी प्रेक्षकाने पूर्णपणे स्वीकारला. सुभद्रा का गाते, असा प्रश्न ‘सौभद्र’ पाहणाऱ्या प्रेक्षकास पडत नाही. हिंदी व मराठी चित्रपटांनीही हाच संकेत पुढे चालविला.

सांगीतिक भागाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तेथे प्रेक्षक आणि नाटककार यांच्यात असा कोणताही पूर्वकरार झालेला नसतो. उलट, पात्रे गाणार नाहीत हाच करार असतो. म्हणून ‘ही पात्रे का गात आहेत?’ हा प्रश्न पहिल्या गाण्यापासूनच उभा राहतो आणि त्याचे उत्तर लेखकास द्यावे लागते. संगीत नाटकात गाणे हा संकेत असतो, तर सांगीतिक भागात गाणे ही घटना असते. या एका भेदातून सांगीतिक भागाच्या अडचणी निर्माण होतात आणि त्याची शक्तीही निर्माण होते.

मराठीतच या दोन टोकांच्या मध्ये येणारे एक उदाहरण सापडते. पुरुषोत्तम दारव्हेकर लिखित आणि जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत लाभलेले ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) हे नाटक गवयांच्या जीवनावर असल्याने त्यातील गायनास कथेतूनच आधार मिळतो. संकेत सर्वमान्य असतानाही गाण्यास कथेत कारण दिले, तर नाट्य अधिक सघन होते, याचे हे नाटक उत्तम निदर्शक आहे.

५. पूर्वपीठिका :

गद्य मालिकेत गाणी आणण्याचे प्रयत्न जुने आहेत. ‘गिलिगन्स आयलंड’ या अमेरिकन विनोदी मालिकेत १९६६ मध्येच निर्जन बेटावर अडकलेली मंडळी ‘हॅम्लेट’चा संगीतमय प्रयोग सादर करतात. तेथे नाटकात नाटक ही सोयीची चौकट वापरलेली असल्याने मालिकेचा नियम फारसा मोडला जात नाही.

अधिक मूलगामी प्रयोग ब्रिटिश नाटककार डेनिस पॉटर यांनी बीबीसीसाठी केले. ‘पेनीज फ्रॉम हेवन’ (१९७८) या सहा भागांच्या मालिकेत १९३० च्या दशकातील एक स्वरलिपी-विक्रेता आणि त्याच्या भोवतीची माणसे त्या काळच्या मूळ ध्वनिमुद्रिकांवर केवळ ओठ हलवितात. आवाज पात्राचा नसतो, हे लपविले जात नाही. सामान्य माणसाच्या मनातील स्वप्ने ही बाजारातून आलेल्या गाण्यांनी घडविलेली असतात, हा अर्थ त्यातून आपोआप सूचित होतो. ‘द सिंगिंग डिटेक्टिव्ह’ (१९८६) या मालिकेचा नायक त्वचा व सांधे यांच्या यातनादायक विकाराने इस्पितळात खिळलेला रहस्यकथा-लेखक आहे. ताप, स्मृती व कल्पना यांच्या सरमिसळीत त्याला इस्पितळातील कर्मचारी जुन्या गाण्यांवर नाचताना दिसतात. स्वतः पॉटर याच विकाराने ग्रस्त होते. आजारी मनास ऐकू येणारे संगीत ही त्यांची कल्पना पुढे अमेरिकन मालिकांतही निरनिराळ्या रूपांत आढळते.

याच सुमारास एक मोठे अपयशही नोंदले गेले. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’सारखी नावाजलेली पोलीस-मालिका देणारे निर्माते स्टीव्हन बॉच्को यांनी १९९० मध्ये एबीसी वाहिनीवर ‘कॉप रॉक’ ही मालिका आणली. वास्तववादी पोलीस-कथेत पोलीस, गुन्हेगार, वकील, एवढेच नव्हे तर निकाल देणारे ज्युरीसुद्धा गात असत. पहिल्या भागाची गाणी रॅन्डी न्यूमन यांच्यासारख्या मान्यवर संगीतकाराची होती. तरीही अवघ्या ११ भागांनंतर मालिका बंद पडली.

‘कॉप रॉक’च्या अपयशाचे कारण गाण्यांच्या दर्जात शोधणे पुरेसे नाही. येथे रुळलेला असा कोणताही गद्य नियमच नव्हता; त्यामुळे तो मोडल्याचा धक्काही नव्हता. दुसरीकडे, गाण्याचा संकेत प्रेक्षकाच्या अंगवळणी पडावा अशी शैलीही मालिकेने स्वीकारली नाही. तिचा उर्वरित बाज कठोर वास्तववादीच राहिला. परिणामी गाणे ना संकेत ठरले, ना घटना. प्रत्येक आठवड्यास नवी गाणी तयार करण्याचा भार वेगळाच होता.

६. झीना : वैरातून समेटाकडे

‘झीना : वॉरियर प्रिन्सेस’ (१९९५–२००१) या न्यूझीलंडमध्ये चित्रित झालेल्या साहसमालिकेचा ‘द बिटर स्वीट’ हा भाग २ फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसारित झाला. त्याचे संगीत जोसेफ लोड्यूका यांचे होते. या भागापूर्वी झीना व तिची जिवलग सखी गॅब्रिएल यांच्यात भीषण वैर उत्पन्न झालेले असते. गॅब्रिएलने लपवून वाचविलेल्या तिच्या मुलीमुळे झीनाचा मुलगा मारला जातो. सूडाने पेटलेली झीना गॅब्रिएलवर हल्ला करते, दोघीही कड्यावरून कोसळतात आणि इल्यूशिया नावाच्या मायानगरीत जाऊन पडतात. या नगरीत गाणे हीच भाषा आहे.

लेखकांपुढील अडचण येथे स्पष्ट दिसते. इतका खोल विश्वासघात झाल्यावर दोघींचा समेट गद्य संवादातून घडविला असता तर तो खोटा वाटला असता. एखादी लढाई घडवूनही तो साधला नसता. कारण शत्रू बाहेर नव्हता. गाण्याने ही कोंडी फुटते. द्वेष, अपराधभाव आणि क्षमायाचना यांना क्रमाने स्वररूप मिळते आणि भागाच्या अखेरीस समेट पटतो. ज्या कार्यासाठी गद्य अपुरे पडते, त्याच कार्यासाठी गाणे योजले गेले, हे या भागाचे बलस्थान होय.

७. बफी : गाणे म्हणजे कबुली

सांगीतिक भागाची चर्चा ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ (१९९७–२००३) या मालिकेतील ‘वन्स मोअर, विथ फीलिंग’ या भागाशिवाय पूर्ण होत नाही. सहाव्या हंगामातील हा सातवा भाग ६ नोव्हेंबर २००१ रोजी यूपीएन वाहिनीवर प्रसारित झाला. लेखन, दिग्दर्शन आणि गीत-संगीत जॉस व्हेडन यांचे, संगीत-संयोजनात ख्रिस्तोफ बेक यांचा सहभाग आणि नृत्यदिग्दर्शन ॲडम शँकमन यांचे होते. नेहमीच्या भागापेक्षा काही मिनिटांनी अधिक, म्हणजे सुमारे ५० मिनिटांची त्याची लांबी होती.

हा भाग ध्वनीविषयीच्या प्रयोगांच्या मालिकेतील एक टप्पा आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. याच मालिकेच्या ‘हश’ (१९९९) या भागात गावातील सर्वांचा आवाज चोरीस जातो आणि भागाचा बराच काळ संवादाविना जातो. ‘द बॉडी’ (२००१) या भागात नायिकेच्या आईचा नैसर्गिक मृत्यू दाखविला असून त्यात पार्श्वसंगीत अजिबात नाही. प्रथम वाणी काढून घेणे, नंतर संगीत काढून घेणे आणि शेवटी सर्वांना सक्तीने गावयास लावणे, असा हा क्रम आहे. तिन्ही प्रयोगांमागे प्रश्न एकच दिसतो : माणसे एकमेकांशी खरे कधी बोलतात?

कथानक असे. पाचव्या हंगामाच्या शेवटी बफी जगाला वाचविण्यासाठी प्राण देते. सहाव्या हंगामाच्या आरंभी तिच्या मित्रमैत्रिणी मंत्रबळाने तिला परत आणतात. ती नरकयातना भोगत होती आणि आपण तिची सुटका केली, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात ती स्वर्गसुखात होती. तेथून तिला ओढून आणले गेले आहे. हे सत्य प्रेक्षकाला व स्पाइक या एकाच पात्राला ठाऊक असते. मित्रांना दुःख होऊ नये म्हणून बफी ते मनात दडवून यांत्रिकपणे जगत राहते.

अशा वेळी गावावर एका राक्षसाची छाया पडते. त्याच्या प्रभावाने लोक गाऊ व नाचू लागतात. मनात दडविलेले सर्व गाण्यातून बाहेर पडते आणि नाचता नाचता काही जण जळून भस्म होतात. गाण्याला कारण मिळाले आणि त्या कारणातच धोका आला. आता गाणे ही मौज राहिली नाही. ते टाळता न येणारे संकट बनले.

यापुढील रचना अत्यंत शिस्तबद्ध आहे. प्रत्येक प्रमुख गाणे एक कबुली आहे. आरंभीच स्मशानात गस्त घालणारी बफी आपल्याला काहीच जाणवत नसल्याचे गाते. विवाह ठरलेले झँडर व ॲनिया खेळकर युगुलगीतातून परस्परांविषयीच्या शंका बोलून दाखवितात. टॅरा प्रेमाने भारावून विलोसाठी गाते. परंतु आपल्यावर मंत्रप्रयोग करून विलोने भांडणाची स्मृतीच पुसून टाकली आहे, हे तिला पुढे त्याच भागात कळते. मार्गदर्शक जाइल्स आपल्या उपस्थितीमुळेच बफी स्वावलंबी होत नाही, हे गाण्यातून मान्य करतो; पण ते तिला ऐकू जात नाही. शेवटी राक्षसासमोर उभी राहून बफी सर्व मित्रांच्या देखत सत्य गाऊन टाकते. विलोच्या चेहऱ्यावर उमटणारा धक्का हा या भागाचा उत्कर्षबिंदू होय.

येथे नाट्यशास्त्रातील स्वगताशी तुलना उपयुक्त ठरते. स्वगत प्रेक्षकास ऐकू येते, रंगमंचावरील इतर पात्रांस नाही, असा संकेत आहे. या भागात काही गाणी स्वगताप्रमाणे वागतात, तर काही सर्वांना ऐकू जातात. कोणते गाणे कोणाच्या कानी पडते, यावरच नाट्य उभे राहते. जाइल्सचे गाणे बफीला ऐकू गेले असते किंवा बफीचे अखेरचे गाणे मित्रांना ऐकू गेले नसते, तर कथा वेगळी झाली असती.

भागाचा शेवटही बोलका आहे. राक्षस निघून जातो. पण कोणाचाच प्रश्न सुटलेला नसतो. संगीतिकेच्या रूढीनुसार शेवटी समूहगान होते, परंतु त्यातील भाव आनंदाचा नसून पुढे काय, या संभ्रमाचा आहे. लगेच पुढच्या भागात टॅरा विलोला सोडून जाते आणि जाइल्स देश सोडतो. झँडर व ॲनिया यांचा विवाहही त्याच हंगामात, २००२ मध्ये, ऐन मुहूर्तावर मोडतो. गाण्यात उच्चारलेली प्रत्येक शंका पुढे खरी ठरते. हा भाग वगळून सहावा हंगाम समजणेच अशक्य आहे.

८. इस्पितळातील दोन प्रयोग :

‘स्क्रब्ज’ या इस्पितळावरील विनोदी मालिकेचा ‘माय म्युझिकल’ हा भाग १८ जानेवारी २००७ रोजी एनबीसी वाहिनीवर दाखविला गेला. लेखन डेब्रा फोर्डहॅम यांचे होते. ‘ॲव्हेन्यू क्यू’ या ब्रॉडवे संगीतिकेचे रॉबर्ट लोपेझ व जेफ मार्क्स यांचा गीतरचनेत सहभाग होता आणि त्याच संगीतिकेतील अभिनेत्री स्टेफनी डी’ॲब्रुझो हिने रुग्णाची भूमिका केली. या रुग्णाला आसपासचे सर्वजण गात असल्याचे ऐकू येते. डॉक्टर आधी हा मानसिक विकार समजतात. तपासणीअंती मेंदूतील रक्तवाहिनीला मोठा फुगवटा आल्याचे निदान होते.

येथे गाणे हे रोगाचे लक्षण आहे. शौचाच्या नमुन्याच्या तपासणीवरील धमाल गाणेही त्यामुळे पूर्णतः निरर्थक राहत नाही. प्रत्येक हास्यगीताबरोबर रोग बळावत आहे याची जाणीव प्रेक्षकाच्या मनात जागी राहते. शस्त्रक्रियेपूर्वी भय आणि धीर यांना एकत्र गुंफणारे गीत येते, तेव्हा आतापर्यंतची सर्व गंमत एका माणसाच्या मृत्युभयाशी जोडली जाते. शस्त्रक्रिया यशस्वी होते आणि संगीत थांबते. बरे होणे म्हणजे गाणे थांबणे, हे समीकरण हृद्य आहे.

‘ग्रेज ॲनाटॉमी’ या मालिकेचा ‘साँग बिनीथ द साँग’ हा भाग ३१ मार्च २०११ रोजी प्रसारित झाला. अपघातात गंभीर जखमी झालेली गरोदर डॉक्टर कॅली हिला आपल्यावर उपचार करणारे सहकारी गाताना दिसतात. ही भूमिका करणाऱ्या सारा रामिरेझ यांना ‘स्पॅमलॉट’ या संगीतिकेतील कामाबद्दल २००५ मध्ये टोनी पुरस्कार मिळालेला होता. त्यामुळे गायनाची बाजू भक्कम होती. गाणी मात्र नवी नव्हती. मालिकेच्या आधीच्या भागांत पार्श्वभूमीला वाजलेली अनेक गाणी येथे पात्रांच्या तोंडी आली.

या निवडीचा लाभ असा की, नियमित प्रेक्षकाच्या मनात त्या गाण्यांशी जोडलेल्या स्मृती जाग्या होतात. तोटाही तितकाच मोठा आहे. ती गाणी कॅलीच्या या विशिष्ट संकटासाठी लिहिलेली नसल्यामुळे पात्राविषयी नवे काही सांगू शकत नाहीत. शस्त्रक्रियेची घाई चालू असताना डॉक्टर परिचित गाणे गातात, तेव्हा गाणे कथा पुढे नेत नाही. कथा गाण्यासाठी थांबते. या भागाचे स्वागत संमिश्र झाले, यामागे हे एक प्रमुख कारण संभवते.

९. स्टार ट्रेक : सत्य हाच धोका

‘स्टार ट्रेक’ ही कथापरंपरा १९६६ पासून चालत आली असली, तरी तिच्यातील पहिला सांगीतिक भाग २०२३ मध्ये आला. ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या मालिकेच्या दुसऱ्या हंगामातील ‘सबस्पेस ऱ्हॅप्सडी’ या भागाची गाणी के हॅन्ली व टॉम पोल्स यांनी रचली. अवकाशातील एका विचित्र क्षेत्रात प्रयोग म्हणून गाणे प्रक्षेपित केल्यावर यानातील सर्वांना भावनेच्या भरात गावेसे वाटू लागते.

या भागात पात्रांना आपण गात असल्याचे भान आहे आणि त्याची भीतीही आहे. सैनिकी शिस्तीच्या यानावर अधिकाऱ्यांच्या मनातील गुपिते गाण्यातून उघडी पडणे, हा सुरक्षेचा प्रश्न बनतो. कप्तानाचे खासगी भांडण सर्वांसमोर होते. नर्स चॅपल मित्रमंडळींच्या मेळाव्यात आनंदाने गाता गाता स्पॉकशी असलेले नाते संपविते. भावना दाबून ठेवणारा स्पॉक नंतर एकटाच गातो. ला’आन ही अधिकारी मात्र गाण्याने आपले प्रेम जाहीर करण्यापूर्वी स्वतःच ते साध्या शब्दांत सांगून टाकते. हा प्रसंग विशेष महत्त्वाचा आहे. सक्तीने उघड होणारे सत्य आणि स्वेच्छेने सांगितलेले सत्य यांत मूल्यात्मक भेद आहे, हे तो दाखवितो. संपर्क-अधिकारी उहुरा एकाकीपणाच्या वेदनेला गाण्यात वाट करून देते आणि त्याच गाण्यातून संकटावरील तोडगा तिला सापडतो.

१०. आवाज आणि निर्मितीची बाजू :

भारतीय प्रेक्षक पार्श्वगायनास १९३० च्या दशकाच्या मध्यापासून सरावलेला आहे. पडद्यावरील नटाचा आवाज गाण्यात बदलतो, याचे त्यास वावगे वाटत नाही. उलट, पार्श्वगायकाचे स्वतंत्र स्थान तो मानतो. सांगीतिक भागात मात्र अभिनेत्याचा स्वतःचा आवाज हा विश्वासार्हतेचा प्रश्न ठरतो. प्रेक्षकाने त्या अभिनेत्याचा बोलण्याचा आवाज अनेक वर्षे ऐकलेला असतो. गाण्यात तोच आवाज किंचित कापरा, मर्यादित पल्ल्याचा ऐकू आला, तरी पात्र तेच राहते.

सर्वच ठिकाणी हे पाळले गेले असे नाही. ‘झीना’मध्ये लूसी लॉलेस यांनी स्वतः गायिले, परंतु गॅब्रिएलची भूमिका करणाऱ्या रेने ओ’कॉनर यांच्यासाठी सुझन वूड यांचा आवाज वापरला गेला. ‘बफी’मध्ये सारा मिशेल गेलर यांनी प्रथम पर्यायी आवाजाचा विचार केला होता, तथापि, पात्राच्या इतक्या महत्त्वाच्या भावना दुसऱ्याच्या आवाजात येऊ नयेत म्हणून अखेर त्या स्वतः गायिल्या. ॲन्थनी हेड, अँबर बेन्सन अशा सुरेल आवाजाच्या कलावंतांना मोठी गाणी मिळाली, तर ॲलिसन हॅनिगन यांच्या वाट्यास त्यांच्या इच्छेनुसार मोजक्याच ओळी आल्या. राक्षसाची भूमिका तीन वेळा टोनी पुरस्कार मिळविणारे नर्तक-अभिनेते हिंटन बॅटल यांनी केली. मुरलेला संगीतिका-कलावंत परका ठरावा आणि साध्या आवाजाची माणसे आपली वाटावीत, हा परिणाम या पात्रयोजनेतून साधला गेला.

निर्मितीचा ताणही दुर्लक्षून चालणार नाही. तासाभराच्या अमेरिकन मालिकेचा एक भाग साधारणतः आठेक दिवसांत चित्रित होतो. सांगीतिक भागात त्यापूर्वी गाणी रचणे, ध्वनिमुद्रण, गायन व नृत्याच्या तालमी या गोष्टी उरकाव्या लागतात आणि त्याच वेळी इतर भागांचे चित्रीकरणही चालू असते. म्हणूनच असे प्रयोग बहुधा स्थिरावलेल्या मालिकाच करू शकतात. ‘झीना’चा प्रयोग तिसऱ्या, ‘बफी’ व ‘स्क्रब्ज’चे सहाव्या, तर ‘ग्रेज ॲनाटॉमी’चा सातव्या हंगामातील आहे. रुळलेला गद्य नियम मोडण्यासाठी तो आधी रुळावा लागतो, हे कलात्मक कारणही त्यास जोडून आहे.

११. यशाचे घटक :

उपरोक्त विवेचनावरून सांगीतिक भागाच्या यशाचे पुढील घटक सांगता येतात.

१) कारण : पात्रे का गातात याचे उत्तर त्या मालिकेच्याच विश्वातून आले पाहिजे. राक्षसांच्या मालिकेत राक्षस, इस्पितळाच्या मालिकेत रोग, अवकाशकथेत भौतिक घटना हे कारण ठरते. उसने आणलेले कारण पटत नाही.

२) कबुली : गाण्यातून असे काही बाहेर यावे की जे गद्यात बोलणे त्या पात्रास शक्य नव्हते. जे संवादातही सांगता आले असते, त्यासाठी गाणे योजले तर ते अलंकारापुरते उरते.

३) परिणाम : उघड झालेले सत्य पुढील भागांत टिकले पाहिजे. भाग संपल्यावर सर्व पूर्ववत झाले, तर प्रेक्षकाच्या हाती केवळ गाणी उरतात.

४) आवाज : गायनातील कसबापेक्षा पात्राशी असलेली सलगता महत्त्वाची ठरते.

५) शैली : प्रत्येक पात्राच्या स्वभावास अनुरूप संगीतशैली हवी. झँडर व ॲनिया यांचे जुन्या धाटणीचे युगुलगीत, स्पाइकचे रॉक वळणाचे गाणे, टॅराचे मृदू प्रेमगीत यांतून स्वभावभेद शब्दांविनाही कळतात.

या घटकांपैकी दुसरा व तिसरा हे निर्णायक होत. कारण कितीही चतुर असले आणि आवाज कितीही गोड असले, तरी कबुली व परिणाम यांच्या अभावी सांगीतिक भाग ही एका दिवसाची करमणूक ठरते. येथे एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. निव्वळ विनोदासाठी केलेला सांगीतिक भाग या निकषांवर कमी उतरला, तरी तो रंजक असू शकतो. वरील घटक रंजकतेचे नसून, तो भाग मालिकेत अपरिहार्य ठरतो की नाही, याचे आहेत.

१२. निष्कर्ष :

१) सांगीतिक भाग संगीत नाटकाशी नाते सांगत असला, तरी त्याचे तत्त्व भिन्न आहे. संगीत नाटकात गाणे हा सर्वमान्य संकेत असतो. सांगीतिक भागात ती नियम मोडणारी घटना असते.

२) ‘कॉप रॉक’चे अपयश आणि ‘बफी’चे यश यांतील फरक हा प्रामुख्याने गाण्याला कथेत दिलेल्या स्थानाचा फरक आहे.

३) यशस्वी सांगीतिक भागात गाणे सत्य लपविण्याची सोय काढून घेते. माणसे एकमेकांच्या निकट राहूनही मनातले बोलत नाहीत, ही गद्य जीवनातील स्थिती त्यातून ठळक होते.

४) नव्याने रचलेली गाणी पात्राचे अंतरंग उघड करण्यास अधिक समर्थ असतात, जुनी गाणी स्मृती जागवितात, परंतु नवे सत्य क्वचितच सांगतात.

दूरचित्रवाणी मालिका हा केवळ फावल्या वेळेचा विषय मानून अभ्यासक्रमाबाहेर ठेवण्याची प्रवृत्ती अद्याप आढळते. नाट्यसंकेत, स्वगत, पात्राची वाणी आणि कथानकाची अपरिहार्यता या संकल्पना विद्यार्थ्यांपुढे मांडताना ‘सौभद्र’ आणि सांगीतिक भाग शेजारी शेजारी ठेवल्यास दोहोंचे वेगळेपण स्पष्ट होईल. आपल्या परंपरेत जो संकेत सहज म्हणून स्वीकारला गेला, त्याच्यासाठी अन्यत्र लेखकांना किती कारणे शोधावी लागतात, हे पाहिल्यास संगीत नाटकाने मराठी प्रेक्षकास दिलेल्या देणगीचे मोलही नव्याने ध्यानात येईल.